लाडा घेऊ का? तोल्यात्तीच्या कारखान्याच्या भवितव्याबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. रशियात कझानला तीन वर्षांच्या करारावर नोकरी आहे, रोजचं येणं-जाणं चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि बजेटात बसते ती लाडा ग्रँटा. नवी घ्यावी की दोन-तीन वर्षं वापरलेली, हे ठरत नाही. जमलं तर ऑटोमॅटिक हवी आहे. पण लाडाची फ्रेंच भागीदार रेनो सोडून गेली, तोल्यात्तीचा लाडाचा कारखाना आठवड्याला चारच दिवस चालायला लागला, हे वाचून तुम्ही धास्तावला आहात. कंपनीच बंद पडली तर पार्ट कुठून आणायचे आणि परतताना गाडी कोण घेणार?

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कंपनी टिकेल का, पार्ट मिळत राहतील का, आणि कंपनी विकेल ती गाडी कशी असेल? पार्टखरेदीच्या धंद्यात ही तीन खाती वेगळी ठेवायची सवय लागते, कारण एक खातं तोट्यात गेलं म्हणून दुसरं जातंच असं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: कंपनी टिकेल, ग्रँटाचे पार्ट मिळतील, खरी अनिश्चितता तिसऱ्या खात्यात आहे. म्हणून ‘लाडा घेऊ का’ यापेक्षा ‘कोणती लाडा आणि कधी बनलेली’ हे विचारणं जास्त कामाचं.

कंपनीपासून सुरुवात करू. मे 2022 मध्ये रेनोने अवतोवाझ, म्हणजे लाडा बनवणाऱ्या कंपनीमधला आपला सुमारे 68 टक्के हिस्सा नामी या सरकारी वाहन संशोधन संस्थेला नाममात्र एका रुबलला देऊन टाकला. सहा वर्षांच्या आत तो परत विकत घ्यायचा हक्क मात्र राखून ठेवला. बाकीचा हिस्सा रोस्तेख या सरकारी महामंडळाकडे होताच. म्हणजे कंपनीचा मालक आता सरकारच. हे सरकार पाठीशी उभं राहतं का, याची परीक्षा आधी एकदा झालेली आहे. 2009 च्या मंदीत कामगार लाखाच्या घरात होते आणि विक्री कोसळली होती. तेव्हा 25 अब्ज रुबल बिनव्याजी मिळाले, आणि पुढच्याच वर्षी ‘जुनी गाडी भंगारात द्या, नवीवर 50 हजार रुबल सूट घ्या’ ही योजना आली. तिची सगळ्यात जास्त चांदी झाली ती लाडाचीच. तोल्यात्ती हे सहा-सात लाख वस्तीचं शहर या कारखान्याच्या जिवावर वाढलेलं आहे. तिथे कुलूप लावणं कोणत्याही रशियन सरकारला परवडणारं नाही.

अर्थात रशियात मोटार कंपनी बुडतच नाही असंही नाही. मॉस्कोची मोस्कविच नव्वदच्या दशकात खंगत गेली, 2000 नंतर लवकरच तिचं उत्पादन थांबलं आणि 2006 मध्ये ती रीतसर दिवाळखोर ठरली. पण मॉस्कोत माणसाला दुसरं काम मिळतं, त्या जागेलाही सोन्याचा भाव आहे. तोल्यात्तीत या दोन्ही गोष्टी नाहीत. पुढची गंमत अशी की 2022 मध्ये मोस्कविच हे नाव त्याच आवारात परत आलं, पण बिल्ल्याखालची गाडी निघाली चीनच्या जॅकची. नाव जिवंत आणि गाडी भलतीच, हा प्रकार लक्षात ठेवा. लाडाच्या बाबतीत मला भीती वाटते ती याची.

चार दिवसांच्या आठवड्याची बातमी खरी आहे. 29 सप्टेंबर 2025 पासून तो लागू झाला. पण 2022 च्या उन्हाळ्यातही कारखाना चारच दिवस चालत होता, आणि या दोन वेळांमधला फरक तुमच्या दृष्टीने फार मोठा आहे. 2022 मध्ये गिऱ्हाईक होतं, पार्ट नव्हते. 2025 मध्ये पार्ट होते, गिऱ्हाईक नव्हतं. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर 2024 मध्ये व्याजदर 21 टक्क्यांवर नेला आणि जून 2025 पर्यंत तिथेच ठेवला. ग्रँटा घेणारा माणूस कर्जावर गाडी घेतो. हप्ता हाताबाहेर गेला की तो जुनीच गाडी आणखी एक हिवाळा ओढतो. 2024 मध्ये देशात साधारण 4 लाख 36 हजार लाडा विकल्या गेल्या होत्या, 2025 मध्ये आकडा 3 लाख 30 हजारांच्या आसपास आला. तोल्यात्तीचा कारखाना मुळात वर्षाला 6 लाख 60 हजार गाड्यांच्या हिशेबाने बांधलेला. एवढ्या मोठ्या छपराची वीज, हीटिंग, देखभाल निम्म्या गाड्यांवर पडली की प्रत्येक गाडीमागचा खर्च चढतो. स्वस्त गाडीला हे जास्त लागतं, कारण एबीएसचं (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिट ग्रँटात बसवा की महागड्या गाडीत, त्याची किंमत जवळपास तेवढीच. महाग गाडी ती पोटात घालते, ग्रँटाच्या किमतीत ती लगेच दिसते.

या सगळ्यावर सरकारचा उपाय म्हणजे भिंत. आयात गाड्यांवरची ‘उतिल्सबोर’ नावाची भंगार-पट्टी ऑक्टोबर 2024 मध्ये एकदम 70 ते 85 टक्क्यांनी वाढवली, आणि 2030 पर्यंत दर वर्षी ती वाढतच जाणार आहे. पट्टी कागदोपत्री सगळ्यांनाच लागू, पण देशी कारखान्यांना ती वेगवेगळ्या अनुदानांतून परत मिळते. म्हणून कंपनी टिकेल असं म्हणतो. ती निरोगी आहे असं मी म्हणालेलो नाही.

आता पार्टचं खातं. एखादा मोटारवाला भागीदाराशिवाय उरला की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो: साचे कुणाचे आणि कुठल्या आवारात पडलेत? दार, बोनेट, मडगार्डच्या डाय, इंजिन ब्लॉकच्या ओतकामाचे साचे, गिअर कापायची यंत्रं जिथे आहेत, तिथे तो पार्ट बनत राहतो. मालक कोण ते नंतर. दुसरा प्रश्न: एकाच पुरवठादाराकडून येणारे आणि देशात न बनणारे पार्ट किती? या दोन प्रश्नांवर अवतोवाझचा इतिहास बराच बोलका आहे, कारण तिचे तीन काडीमोड होऊन गेलेत.

पहिला फियाटशी, आणि तो गोडीगुलाबीचा होता. 1966 चा करार, 1970 मध्ये पहिली गाडी, मूळ फियाट 124. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1985 पासून निघालेली 118 एनई ज्यांनी चालवली असेल, त्यांना हा चौकोनी चेहरा ओळखीचा वाटेल. तिचंही मूळ फियाट 124 च, फक्त इंजिन निसानचं. रशियनांनी त्या गाडीत शेकडो बदल केले. पत्रा जाड केला, गाडी उचलली, आणि चिखल-बर्फात टिकत नाहीत म्हणून मागचे डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवले. कारखाना त्यांच्याकडे, साचे त्यांच्याकडे. त्यामुळे त्या घराण्याच्या गाड्या 2012 पर्यंत निघत राहिल्या. दुसरा काडीमोड जनरल मोटर्सशी. शेव्हरोले निव्हा तोल्यात्तीत दोघांच्या भागीदारीत बनायची. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकनांचा अर्धा हिस्सा अवतोवाझने घेतला आणि तीच गाडी थोड्या वेगळ्या तोंडाने लाडा निव्हा ट्रॅव्हल झाली. पार्ट मिळायचे थांबले नाहीत.

तिसरा रेनोशी, आणि हा दुखला. आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे नाशिकला बनलेली महिंद्रा रेनो लोगान. 2010 मध्ये रेनो त्या भागीदारीतून बाहेर पडली, पण महिंद्राने परवाना घेऊन तीच गाडी व्हेरिटो नावाने पुढे काही वर्षं चालवली. लाडाची लार्गस ही त्याच लोगानची लांब, सात जणांची बहीण. पण नाशिकचा घटस्फोट कागदपत्रांसह, सावकाश झाला. तोल्यात्तीचा एका वसंत ऋतूत झाला आणि सोबत निर्बंध आले. लार्गसचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं ते इझेव्हस्कच्या कारखान्यात 2024 मध्ये परत सुरू झालं. रेनोच्या सँडेरोवरून केलेली लाडा एक्सरे तर कायमचीच गेली.

2022 मध्ये नेमकं काय अडलं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. पत्रा अडला नाही, इंजिन अडलं नाही, गिअरबॉक्स, सायलेन्सर, काचा, सीट, काही अडलं नाही. अडले ते एबीएस, एअरबॅग, सीट बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेच्या वेळी बेल्ट आवळणारे) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. समाऱ्याला बॉशचा कारखाना होता, म्हणजे कागदावर पुरवठादार शेजारच्याच शहरातला. पण असल्या युनिटचं पोट परदेशी चिप आणि सुट्या भागांनी भरलेलं असतं. शेजारी जोडलेला पार्ट देशी असतोच असं नाही. शेवटी सरकारने सुरक्षा आणि धुराचे निकष तात्पुरते सैल केले आणि जून 2022 मध्ये ‘ग्रँटा क्लासिक 2022’ निघाली. तिला एबीएस नाही आणि एअरबॅगही नाहीत. त्यानंतर चिनी आणि देशी युनिटं शोधून या गोष्टी टप्प्याटप्प्याने परत बसवल्या गेल्या.

यावरून नियम असा निघतो की लाडात जे यांत्रिक आणि जुनं आहे त्याचे पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील, आणि जे इलेक्ट्रॉनिक, नवं किंवा भागीदाराकडून आलेलं आहे त्यात जोखीम आहे.

तेव्हा तुमच्यासाठी माझी शिफारस: ग्रँटा, 1.6 लिटर 8 व्हॉल्व्ह इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल. ऑगस्ट 2018 मध्ये नवं तोंड आलं त्यानंतरची हवी. कारण तोंड नाही, पिस्टन. त्याआधीच्या हलक्या पिस्टनच्या 8 व्हॉल्व्ह इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकायचे आणि हेड उतरवावं लागायचं. 2018 च्या उन्हाळ्यात पिस्टनवरच्या खाचा बदलल्या. आता बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, इंजिन वाचतं. हिवाळ्यात ओरेनबुर्गच्या रस्त्यावर थांबणं वाईटच, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

ऑटोमॅटिकचा हट्ट शक्य असेल तर सोडा. अर्थात गुडघ्याचा त्रास असेल किंवा घरात दुसरं कुणी चालवणार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थोडे पैसे वाढवा. ग्रँटात आणि लाडाच्याच जुन्या वेस्ता मॉडेलात जो ‘रोबोट’ गिअरबॉक्स आहे तो म्हणजे मॅन्युअल बॉक्सवर जर्मन झेडएफ कंपनीची क्लच-गिअर ओढणारी यंत्रणा. बॉक्स देशी, यंत्रणा परदेशी, आणि ट्रॅफिकमध्ये धक्के देते ते वेगळंच. 2022 पर्यंतच्या ग्रँटातला चार गिअरचा जपानी जॅटको कंपनीचा ऑटोमॅटिक दणकट आहे, फक्त त्याचे पार्ट आता अधिकृत वाटेने येत नाहीत. तेलबदलाची नोंद नसलेला घेऊ नका. त्या काळातल्या वेस्ताचा जॅटको सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) आणि निसानचं 1.6 इंजिन हे जोडही याच गटातलं. 2024 पासून वेस्तात चीनच्या वानलियांगचा सीव्हीटी येतो. तो वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. दीड-दोन लाख किलोमीटर झालेले नमुने बाजारात पुरेसे साचलेले नाहीत, एवढंच. तीन वर्षांत विकायची गाडी असेल तर पुढच्या गिऱ्हाईकाच्या मनातली शंकाही तुम्हालाच मोजावी लागते.

जुलै 2025 पासून विकली जाणारी लाडाची इस्क्रा बघायला छान आहे, पण तिचा पाया रेनोचाच. पहिल्या वर्षातली गाडी, आणि साच्यांचा काडीमोडही चालूच, मी थांबेन. सेंट पीटर्सबर्गच्या पूर्वीच्या निसान कारखान्यातून निघणाऱ्या, चिनी गाडीवर दुसरा बिल्ला लावलेल्या क्रॉसओव्हर तर तुमच्या यादीतच नकोत. तिथे लाडाच्या स्वस्त पार्टचा फायदा मिळत नाही.

नवी की जुनी? बजेट खेचलं जात नसेल तर 2024 किंवा त्यानंतर बनलेली नवी किंवा जवळपास नवी. खेचलं जात असेल तर 2019 ते 2021 मधली. मधला, म्हणजे 2022 च्या मेपासून 2023 च्या सुरुवातीपर्यंतचा माल टाळा. बाजारात तो थोडा स्वस्त दिसतो, आणि त्याचं कारण वर आलंच आहे.

हे ओळखायचं कसं? चासी नंबर एक्सटीए या अक्षरांनी सुरू होतो. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: एन म्हणजे 2022, पी 2023, आर 2024, एस 2025. पण मॉडेल वर्ष आणि प्रत्यक्ष बनल्याचं वर्ष दर वेळी जुळत नाही, म्हणून गाडीच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टचा उतारा मागा आणि त्यातली तारीख बघा. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की नोंदणीचा इतिहास, अपघात, जप्ती-निर्बंध फुकट दिसतात. विकणारा नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.

एबीएस आहे की नाही हे विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नका. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका: मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर युनिट नाही किंवा बल्बशी खेळ झालाय. मग बोनेट उघडून ब्रेकच्या नळ्या शोधा. मुठीएवढ्या धातूच्या ठोकळ्यात सहा नळ्या गेलेल्या दिसतील, दोन मास्टर सिलिंडरकडून आलेल्या आणि चार चाकांकडे जाणाऱ्या. ठोकळा नाही तर एबीएस नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

इंजिनाकडे बघताना पहिला मान वॉटर पंपाला. तो टायमिंग बेल्टवरच फिरतो. कंपनी बेल्टचं आयुष्य बरंच मोठं सांगते, पण पंप तेवढा जगतोच असं नाही. त्याचं बेअरिंग अडकलं की चांगल्या बेल्टचेही दात जातात. म्हणून 60 ते 75 हजारांच्या दरम्यान बेल्ट, रोलर आणि पंप तिन्ही एकदम बदला. एकटा बेल्ट बदलून पैसे वाचत नाहीत, मजुरी दोनदा जाते. वापरलेल्या गाडीला पंपाखाली सुकलेल्या कूलंटचा पांढरट-गुलाबी डाग दिसला तर भाव पाडा आणि लगेच काम करून घ्या.

थर्मोस्टॅट हे ग्रँटाचं नेहमीचं दुखणं. गाडी बघायला सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. सुरू केल्यावर रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड होजवर हात ठेवा. इंजिन गरम व्हायच्या आधीच होज कोमट व्हायला लागली तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. उणे वीसमध्ये याचा अर्थ हीटर कोमट आणि पेट्रोल जास्त. पार्ट स्वस्त आहे, घासाघीस मात्र चांगली करता येते.

शेवटी गंज. रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, जॅक लावायच्या जागा आणि दाराखालचा उंबरा हाताने चाचपा. नव्या जाड अंडरकोटिंगखाली काय लपलंय ते कळत नाही. विकायच्या आदल्या आठवड्यात कोटिंग केलेली गाडी मी संशयानेच बघतो.

चालवायचा खर्च फार नाही. तेल फिल्टरसह साधारण 3.2 लिटर लागतं. पुस्तकात 15 हजार लिहिलंय, पण थंडीत छोट्या फेऱ्या असतील तर 8 ते 10 हजारांवर बदला. डिसेंबर ते फेब्रुवारी हिवाळी टायर सक्तीचे, खोबणी किमान 4 मिलिमीटर. ग्रँटाचं 175/65 आर14 हे माप कुठेही मिळतं.

परत विकण्याबद्दल. रुबलमध्ये बघितलं तर ग्रँटाचा भाव चिवट आहे, कारण नवी गाडी महाग होत जाते: 2021 मध्ये पाच-सहा लाख रुबलच्या आसपास मिळणारी गाडी 2025 मध्ये सात-साडेसात लाखांपासून सुरू व्हायला लागली. पण तुमचा शेवटचा हिशेब रुपयांत आहे, आणि तिथे विनिमय दर कंपनीच्या भवितव्यापेक्षा जास्त खेळ करेल. शिवाय तीन वर्षांनी गिऱ्हाईकाला कर्ज किती टक्क्यांनी मिळतंय त्यावरही भाव ठरेल.

कोणत्या गोष्टी घडल्या तर मी मत बदलेन? 2026 साठी जाहीर झालेली अझिमूत ही क्रॉसओव्हर वेळेवर आणि देशी साच्यांवर आली तर ‘लाडाचं नवं मॉडेल नको’ हे माझं म्हणणं सैल होईल. उलट ग्रँटाच बंद करून तिच्या जागी चिनी गाडीवर लाडाचा बिल्ला लागला, तर पार्टचं खातं नव्याने मांडावं लागेल. तरी रस्त्यावर असलेल्या ग्रँटांची संख्या बघता तुमच्या तीन वर्षांना धक्का लागत नाही. रेनो 2028 च्या आत परत येईल या आशेवर काही ठरवू नका. दरम्यान कंपनीत गुंतवलेल्या पैशांपोटी किमान 112.5 अब्ज रुबल मोजावे लागतील, असं अवतोवाझचे प्रमुख मॅक्सिम सोकोलोव्ह यांनी 2025 मध्ये सांगितलंय. एका रुबलला विकलेली गोष्ट त्या भावाने परत घ्यायची तर रेनोला बराच विचार करावा लागेल.

गाडी पक्की केलीत तर चासी नंबरचं दहावं अक्षर, पासपोर्टवरची तारीख आणि बोनेटखालचा एक फोटो इथे टाका, नंबर पूर्ण टाकू नका. आणि परतायचं ठरलं की गाडी एप्रिल-मे मध्ये विकायला काढा. हिवाळी टायरचा दुसरा संच गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत मित्राकडे ठेवून वेगळा विकला तर चांगले पैसे येतात.